किशोरांचा कौल : फ्रान्समधील विद्यार्थी गोंकूर पुरस्काराची वाटचाल

वाङ्मयाच्या इतिहासात पंधरा ते अठरा या वयातील वाचकाची दखल बहुधा दोनच प्रकारे घेतली जाते : एक तर त्याच्यासाठी कोणती पुस्तके लिहिली गेली याची जंत्री दिली जाते, नाही तर त्याने काय वाचू नये याविषयीची वडीलधाऱ्यांची काळजी नोंदवली जाते. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या आणि प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीविषयी या वाचकाचे स्वतःचे मत काय होते, ते त्याने कोणासमोर मांडले आणि त्या मताचे पुढे काय झाले, याचा वर्षानुवर्षांचा सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. फ्रान्समध्ये १९८८ पासून दिला जाणारा ‘प्री गोंकूर दे लिसेअँ’, म्हणजे लिसेतील विद्यार्थ्यांचा गोंकूर पुरस्कार, हा असा एक दुर्मीळ पुरावा आहे. लिसे हा फ्रेंच शालेय शिक्षणाचा शेवटचा, तीन वर्षांचा टप्पा असून तो वयाच्या दृष्टीने साधारणपणे आपल्याकडील दहावी ते बारावीशी जुळतो आणि बाकालोरेआ या परीक्षेने संपतो.

या पुरस्काराचा मूळ वृक्ष बराच जुना आहे. एदमों द गोंकूर या लेखकाने आपल्या मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या संपत्तीतून दहा साहित्यिकांचे एक मंडळ स्थापन झाले, ते ‘आकादेमी गोंकूर’ या नावाने ओळखले जाते आणि १९०३ पासून वर्षातील उत्तम कादंबरीला पुरस्कार देते. पुरस्काराची रक्कम आज अवघी दहा युरो असली, तरी पुस्तकावर गोंकूरची लाल पट्टी चढली की त्याचा खप प्रचंड वाढतो. पॅरिसमधील द्रुआँ या उपाहारगृहात जेवणाच्या टेबलाभोवती होणारा हा निर्णय दीर्घकाळ प्रौढ, प्रतिष्ठित आणि बहुतांशी पुरुष साहित्यिकांच्या हाती राहिला.

त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांचा पुरस्कार उभा करण्याची कल्पना राजधानीत नव्हे, तर पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांतातल्या रेन या शहरात आकाराला आली. पुस्तके आणि संगीत विकणारी ‘फ्नाक’ ही दुकानांची साखळी आणि त्या विभागाचे शिक्षण प्रशासन यांनी आकादेमी गोंकूरच्या संमतीने परिसरातील मोजक्या शाळांना बरोबर घेऊन हा प्रयोग सुरू केला. त्यामागची गरज ओळखण्यासाठी फ्रेंच शाळेतील वाङ्मयशिक्षणाकडे पाहावे लागते. तेथे उताऱ्याचे बारकाईने विवरण करण्याची परंपरा फार भक्कम आहे. विद्यार्थी रासीन, फ्लोबेर, बोदलेअर यांच्या ओळी उलगडायला शिकतो, परंतु ज्या पुस्तकांचे मोल आधीच ठरून गेले आहे त्यांच्याविषयी त्याला स्वतःचा निर्णय घ्यावा लागत नाही. जिच्याविषयी अजून कोणी काही लिहिलेले नाही अशी कादंबरी हाती आल्यावर मात्र मार्गदर्शकांतील तयार उत्तरे निरुपयोगी ठरतात आणि वाचकाला आपल्या मताची जबाबदारी स्वतःच उचलावी लागते. या उपक्रमाचे खरे शैक्षणिक मूल्य याच ठिकाणी आहे.

उपक्रमाची रीत गेल्या साडेतीन दशकांत फारशी बदललेली नाही. सप्टेंबरमध्ये आकादेमी गोंकूर आपली पहिली यादी जाहीर करते, तीत साधारण पंधरा कादंबऱ्या असतात. देशभरातून निवडलेल्या पन्नासहून अधिक वर्गांतील सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या हाती ही पुस्तके दिली जातात आणि त्यांना ती सुमारे दोन महिन्यांत वाचायची असतात. या वर्गांत केवळ साहित्य घेतलेले विद्यार्थी नसतात. तांत्रिक आणि व्यवसायशिक्षणाच्या शाळाही असतात, आणि घरात पुस्तकांचे कपाट नसलेली मुलेही तेथे दहा युरोंच्या त्या प्रतिष्ठित पुरस्काराची यादी वाचतात. मधल्या काळात ठिकठिकाणी लेखक आणि विद्यार्थी यांच्या भेटी घडवून आणल्या जातात. त्यानंतर प्रत्येक वर्ग चर्चा करून आपल्या पसंतीच्या तीन कादंबऱ्या ठरवतो आणि एक प्रतिनिधी निवडतो. हे प्रतिनिधी विभागीय बैठकीत एकमेकांशी वाद घालतात आणि तेथून निवडलेले डझनभर प्रतिनिधी राष्ट्रीय पातळीवर अंतिम निर्णय घेतात.

या रचनेतील एक तपशील विशेष लक्ष देण्याजोगा आहे. प्रतिनिधी म्हणून गेलेल्या विद्यार्थ्याला आपली वैयक्तिक आवड पुढे रेटायची नसते, तर वर्गाने ठरवलेल्या तीन पुस्तकांची बाजू लढवायची असते. त्यांपैकी एखादे त्याला स्वतःला मुळीच रुचलेले नसले, तरी ते इतरांना का भावले हे त्याला नीट समजून घ्यावे लागते. विभागीय बैठकीत वर्गाचे पहिले पुस्तक मागे पडले, तर दुसऱ्यासाठी किती जोर लावायचा आणि कोणत्या मुद्द्यावर माघार घ्यायची, हेही त्यालाच ठरवावे लागते. ‘आवडले’ आणि ‘कंटाळा आला’ हे दोन शब्द अशा ठिकाणी अपुरे पडतात. कादंबरीचा निवेदक विश्वासार्ह आहे का, शेवट आधीच्या घटनांतून आला आहे की वरून चिकटवला आहे, भाषेतील अवघडपणा विषयाची गरज आहे की लेखकाची मिरवणूक, अशा प्रश्नांकडे चर्चा आपोआप वळते, कारण समोरच्याला पटवायचे तर कारण द्यावेच लागते.

पहिल्याच वर्षी, १९८८ मध्ये, विद्यार्थ्यांनी एरिक ऑर्सेना यांच्या ज्या कादंबरीची निवड केली तिलाच ज्येष्ठांचा गोंकूरही मिळाला. १९९५ मध्ये आंद्रेई माकिन या रशियातून फ्रान्समध्ये आलेल्या लेखकाच्या बाबतीतही असाच योग जुळला. त्यानंतरच्या काळात मात्र दोन्ही निर्णय वेगवेगळ्या वाटांनी गेले. दरम्यान १९९० मध्ये विद्यार्थ्यांनी स्वमग्न मुलाच्या आईची कहाणी सांगणाऱ्या फ्राँस्वाझ लफेव्र यांना आणि १९९६ मध्ये नॅन्सी ह्यूस्टन यांना निवडून आपली स्वतंत्र नजर दाखवली होती. १९९२ मध्ये रनोदो या दुसऱ्या मोठ्या पुरस्काराचीही विद्यार्थी आवृत्ती लुदँ या गावी सुरू झाली, त्यावरून या कल्पनेने मूळ धरल्याचे दिसते.

या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण निवडींपैकी एक २००० सालची आहे. आयव्हरी कोस्टचे आमादू कुरुमा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांच्या ‘आला ने पा ओब्लिजे’ या कादंबरीचा निवेदक बिराहिमा हा लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील यादवीत हाती बंदूक आलेला एक मुलगा आहे. जिबूतीतील मुलांनी आपल्याला हे पुस्तक लिहायला सांगितले, असे कुरुमा यांनी पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच नोंदवले आहे. बिराहिमापाशी चार शब्दकोश असतात. आफ्रिकी वाचकाला फ्रेंच शब्द आणि फ्रेंच वाचकाला आफ्रिकी शब्द कळावेत म्हणून तो सांगता सांगता मध्येच थांबून त्यांचे अर्थ देतो, आणि कत्तलीच्या वर्णनाच्या ऐन मध्ये आलेल्या या शाळकरी व्याख्यांमुळे हिंसा अधिकच असह्य होते. किशोरवयीन वाचक केवळ विषयाला भुलतात, हा नेहमीचा आक्षेप या एका निवडीपुढे लंगडा पडतो, कारण या कादंबरीचे सारे बळ तिच्या सांगण्याच्या पद्धतीत आहे. पुढच्याच वर्षी निवडलेल्या शान सा यांच्या कादंबरीत मांचुरियातील सोळा वर्षांची मुलगी आणि एक जपानी अधिकारी यांच्यातील ‘गो’ या पटावरील खेळाचा डाव आळीपाळीच्या निवेदनातून उभा राहतो.

त्यानंतरच्या दशकात दुसऱ्या महायुद्धाची सावली वारंवार दिसते. २००४ मध्ये फिलिप ग्रँबेर यांची, घरातील दडपलेल्या ज्यू भूतकाळाचा शोध घेणाऱ्या मुलाची कहाणी, २००५ मध्ये सिल्व्ही जेर्मँ यांची ‘माग्नुस’ आणि २००७ मध्ये फिलिप क्लोदेल यांची ‘ल रापोर द ब्रोदेक’, अशा तीन कादंबऱ्या अल्पावधीत निवडल्या गेल्या. ज्यांचे आजी-आजोबाही त्या काळात लहान होते अशा पिढीला घरात काय सांगितले गेले नाही हे जाणून घ्यावेसे वाटत होते, असे या निवडींवरून मानण्यास जागा आहे. २००६ चे वर्ष या संदर्भात फार बोलके आहे. त्या वर्षीच्या यादीत जोनाथन लिटेल यांची सुमारे नऊशे पानांची, नाझी अधिकाऱ्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी होती आणि ज्येष्ठांनी तिलाच गोंकूर दिला. विद्यार्थ्यांनी मात्र कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या लिओनोरा मियानो यांची, आईने चेटकीण ठरवून घराबाहेर काढलेल्या मुझांगो या मुलीची कादंबरी निवडली. एकाने मारणाऱ्याचा आवाज ऐकला आणि दुसऱ्याने टाकून दिलेल्या मुलीचा. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते, परंतु दुसरा निर्णय त्या वयाच्या नैतिक जाणिवेतून आला आहे हे उघड दिसते.

लांबलचक पुस्तके या वयाला पेलत नाहीत, हा समजही पुरस्कारांची यादी पाहिल्यावर टिकत नाही. २००९ मधील झाँ-मिशेल गनास्सिया यांची आणि २०१२ मधील जोएल डिकेर यांची, अशा दोन्ही कादंबऱ्या सहाशे पानांच्या पुढे जातात. २०१७ मध्ये ज्येष्ठांनी एरिक व्हुइयार यांच्या दीडशे पानांच्या संक्षिप्त पुस्तकाला पसंती दिली असताना विद्यार्थ्यांनी अलिस झेनितेर यांची पाचशे पानांची, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आणि म्हणून देशांतर करावे लागलेल्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची गाथा निवडली. दोन निवडींवरून तर विद्यार्थी ज्येष्ठांच्या पुढे चालत होते असे म्हणावे लागते : लोराँ गोदे यांना त्यांनी २००२ मध्ये गौरवले आणि मथिआस एनार यांना २०१० मध्ये, आकादेमी गोंकूरने गोदे यांची निवड २००४ मध्ये आणि एनार यांची २०१५ मध्ये केली, तीही अर्थात त्यांच्या नंतरच्या कादंबऱ्यांसाठी.

२०१६ पासून आफ्रिकेकडे वळलेली नजर अधिक स्पष्ट होते. गाएल फाय या बुरुंडीत जन्मलेल्या रॅप गायकाच्या ‘पती पेई’ या पहिल्याच कादंबरीत एका गल्लीत आंबे चोरत वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे जग शेजारच्या रवांडातील वंशसंहाराने उद्ध्वस्त होते. २०१८ मधील दाविद दिओप यांची कादंबरी पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढणाऱ्या सेनेगाली सैनिकाची आहे. मंत्रासारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांनी बांधलेल्या या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, म्हणजे फ्रेंच विद्यार्थ्यांच्या निवडीवर तीन वर्षांनी जगाने शिक्कामोर्तब केले. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, कॅमेरूनच्या जाईली आमादू आमाल यांच्या ‘लेझँपासियाँत’ या कादंबरीला कौल मिळाला. तीत सक्तीचे लग्न आणि सवतींचा संसार सोसणाऱ्या तीन स्त्रिया आपापल्या तोंडून बोलतात आणि त्यांपैकी रामला ही शिकून औषधशास्त्रज्ञ होऊ पाहणारी सतरा वर्षांची मुलगी आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमू ज्या मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही.

उपक्रमावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी काही रास्त आहेत. पुस्तके विकणारी साखळीच आयोजक असल्यामुळे वाङ्मयीन उत्साह आणि विक्री यांची सरमिसळ होते, आणि विद्यार्थी पुरस्काराची पट्टी खपाला किती हातभार लावते हे प्रकाशकांना चांगले ठाऊक असते. दोन महिन्यांत पंधरा कादंबऱ्या वाचण्याच्या घाईत संथपणे उलगडणाऱ्या पुस्तकावर अन्याय होण्याची शक्यता राहते. करुणेचा मोठा आघात करणाऱ्या कथेला काही वर्षी झुकते माप मिळाले, हेही नाकारता येत नाही.

अलीकडच्या वर्षांत वादाचा रोख बदलला आहे. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी नेज सिन्नो यांचे ‘त्रिस्त तीग्र’ हे पुस्तक निवडले. सावत्र बापाने बालपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयीचे हे लेखन कादंबरीच्या चौकटीत पुरते बसतही नाही. लेखिका स्वतःच्या अनुभवाबरोबरच अशा विषयावर लिहिता येते का, याचाही निर्दयपणे शोध घेते. त्यानंतरच्या वर्षीच्या यादीतील एका कादंबरीतल्या लैंगिक प्रसंगांवरून काही पालक आणि शिक्षकांनी हरकत घेतली आणि प्रौढांच्या कादंबऱ्या या वयाच्या हाती द्याव्यात का, हा प्रश्न पुन्हा पुढे आला. ज्या वयाच्या मुलामुलींनी सिन्नो यांचे पुस्तक वाचून, त्यावर वर्गात मोकळेपणी बोलून त्याला वर्षातील सर्वोत्तम ठरवले, त्यांना काय झेपते हे त्यांना न विचारताच ठरवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. लैंगिक हिंसेविषयी घरात बोलता न येणाऱ्या मुलाला ते बोलणे शिक्षकाच्या उपस्थितीत आणि एका चांगल्या पुस्तकाच्या आधाराने करता येत असेल, तर त्याहून सुरक्षित जागा शोधूनही सापडणार नाही.

खरी उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. २०२४ मध्ये सांद्रीन कोलेत यांच्या ‘मादलेन आव्हाँ लोब’ पर्यंत आलेल्या या सर्व निवडी ज्येष्ठांनी आधीच चाळून दिलेल्या यादीतून झाल्या आहेत. विद्यार्थी त्या यादीतून पुस्तक निवडू शकतात, नाकारू शकतात, ज्येष्ठांच्या निर्णयाविरुद्ध जाऊ शकतात. परंतु शेकडो नव्या कादंबऱ्यांमधून स्वतः शोधून काढलेले एकही पुस्तक त्यांना तीत घालता येत नाही. वर्गागणिक एक नाही, तरी एखाद्या विभागामागे एक पुस्तक सुचवण्याचा अधिकार त्यांना मिळाला, तर या वयाचे वाचक आपण होऊन कोणत्या कादंबरीपर्यंत पोहोचतात हे प्रथमच समजू शकेल.