डबल कशासाठी?

22 मार्च 2020 च्या रात्री लोकल थांबल्या आणि कांदिवलीतल्या आमच्या घरचा शनिवारचा ब्रिजही थांबला. महावीर नगरातल्या या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं बारा वर्षं नेमाने बसत होतो. माझे भिडू मागाठाण्याहून यायचे. वयाने बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणते. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने टॅबलेटवर ब्रिजचा प्रोग्रॅम सुरू करून दिला. समोर भिडू म्हणून संगणक, प्रतिस्पर्धीही संगणक. चार दिवसांत कळलं की खेळ मला येतो, पण ‘डबल’ हा शब्द नीट येत नाही.

ब्रिजमध्ये खेळाआधी बोली लागते. ‘दोन किलवर’ म्हणजे किलवर हुकूम धरून आठ हात करीन. त्यावर समोरच्याने ‘डबल’ म्हटलं, तर मूळ अर्थ एवढाच: तुमचे हात होणार नाहीत, दंड वाढवा. पण बोलीसाठी शब्द मोजके. 35 बोल्या आणि पास, डबल, रिडबल, बस. त्यामुळे खेळाडूंनी एकाच डबलवर अनेक कामं सोपवली. 1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजला आजचं रूप दिलं, त्याआधीच ‘भिडू, तुझा रंग सांग’ अशा अर्थाचा डबल रूढ झाला होता. 1957 मध्ये अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन यांनी आणखी एक अर्थ दिला: भिडूच्या बोलीवर प्रतिस्पर्धी मध्ये पडला, तर डबल म्हणजे न बोललेले रंग माझ्याकडे आहेत. त्याच वर्षी उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून या डबलला ‘स्पुटनिक’ म्हणू लागले.

मी नेमकी तिथेच चुकले. संगणकाने एक बदाम म्हटलं, पुढच्याने दोन किलवर. माझ्याकडे किलवरची पाच पानं, त्यात राजा, गुलाम, दश्शी, इस्पिकची दोनच. मी मारायला म्हणून डबल दिला. भिडू म्हणाला, दोन इस्पिक. डाव गेला. नंतर डबलवर बोट ठेवलं, तर अर्थ तिथेच लिहिलेला होता: इस्पिकची किमान चार पानं. संगणकाने मी बोलले त्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता.

काकांबरोबर असा घोटाळा कधीच झाला नव्हता. तो का झाला नाही, हे शोधत राहिले आणि सापडलेलं उत्तर मनाला लागलं. आम्ही बोली तोंडाने लावायचो. मारायचा डबल झटकन, ठाम यायचा. विचारणारा डबल रेंगाळत यायचा. अर्थ शब्दातून नव्हे, आवाजातून पोचत होता. आवाजावरून, थांबण्यावरून भिडूला काही कळवणं ब्रिजच्या नियमांत बसत नाही. म्हणून तर 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये बोलीची कार्डं निघाली आणि पुढे जगभर स्पर्धांत रुळली. डबलचं कार्ड लाल, त्यावर फुली; राग असो वा शंका, कार्ड तेच. आमच्या मनात लबाडी नव्हती, पण बारा वर्षांत आम्ही डबलबद्दल एकदाही बसून बोललो नव्हतो.

2021 च्या पावसाळ्यात जवळजवळ तशीच पानं पुन्हा आली. भिडूचं एक बदाम, पुढच्याचं दोन किलवर. या वेळी मी पास म्हटलं आणि वाट पाहिली. पुढचाही पास. किलवर कमी असलेल्या भिडूने डबल दिला, ‘तुझा रंग सांग’ म्हणून. मी पुन्हा पास. रंग सांगायचा नव्हताच, किलवरच मारायचं होतं. प्रतिस्पर्धी तीन हात खाली गेला, आम्हाला 500 गुण मिळाले. गप्प राहूनही भिडूला नेमकं सांगता येतं, हे त्या दुपारी शिकले.

पण या भिडूशी चर्चा करता येत नव्हती. त्याचे नियम आधीच ठरलेले. शिकायचं ते मीच. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या ‘जिब’ने 1998 साली संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हापासून यंत्रं खूप पुढे गेली. मार्च 2022 मध्ये पॅरिसला ‘नूक’ने आठ जगज्जेत्यांवर मात केली. मात्र त्या 800 डावांतून बोली वगळली होती. मला त्या बातमीत हे वगळणंच महत्त्वाचं वाटलं. पत्ते एकट्याने खेळता येतात. बोलीचा अर्थ दोघांनी मिळून ठरवावा लागतो.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. डहाणूकरवाडी ते आरे मेट्रो सुरू झाली आणि पुढच्याच शनिवारी काका तिने आले. मी बोलीची कार्डं आणून ठेवली होती. म्हटलं, “काका, डबलचे अर्थ लिहून काढू या.”

“इतकी वर्षं कळतच होतं की आपल्याला.”

“कसं कळत होतं, ते आठवा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद ओढून पहिली ओळ त्यांनीच लिहिली.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने ब्रिजमध्ये रौप्यपदक मिळवलं. जग्गी शिवदासानी त्या संघात होते. त्या पातळीवर प्रत्येक जोडीला आपले संकेत लिहून प्रतिस्पर्ध्यांसमोर ठेवावे लागतात. आमचा कागदही तेव्हापासून टेबलाच्या मधोमध असतो, चौघांना दिसेल असा. त्यावर आता बावीस ओळी आहेत. बाविसावी गेल्या शनिवारी वाढली, एका फसलेल्या डबलनंतर, काकांच्या अक्षरात.