अमझेऱ्यापासून मोजावी अशी झडप

घसा दुखला म्हणून पोराला दवाखान्यात नेण्याची पद्धत आपल्याकडे कमीच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, आणि दोन दिवसांत पोर पुन्हा खेळायला. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतंही. पण घशातला जंतू स्ट्रेप्टोकोकस असेल, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप भरतो, सांधे सुजतात, आणि जंतूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, म्हणून ही गफलत होते. या ऱ्हुमॅटिक तापातून सांधे सुधारतात. झडपा मात्र पुढे वर्षानुवर्षं जाड होत जातात, चिकटतात, गळू लागतात. सर्वांत जास्त मार बसतो तो डावीकडच्या मायट्रल झडपेला. मग ऐन तारुण्यात जिना चढताना दम लागतो. बायकांच्या बाबतीत तर पुष्कळदा पहिल्या गरोदरपणातच आजार उघडा पडतो.

श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला आहे. तिथे झडप बदलून घेणारा माणूस सहसा म्हातारा असतो. त्याला डुकराच्या झडपेची किंवा गाईच्या हृदयावरणाची, ग्लुटाराल्डिहाइडमध्ये कमावलेली झडप चालते. तीच झडप विशीतल्या मुलीला बसवली, तर तिच्यावर कॅल्शियम लवकर साठतं आणि काही वर्षांनी पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणून तरुणांना धातूची, यांत्रिक झडप देतात. ती आयुष्यभर टिकू शकते, पण तिच्यापायी रक्त गोठू न देणारी गोळीही आयुष्यभर घ्यावी लागते.

अशी झडप भारतात बनवायची, हे डॉ. एम. एस. वलियाथन यांनी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मनावर घेतलं. शस्त्रक्रियेचे हात आपल्याकडे होतेच. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर 1967मध्ये जगातलं पहिलं मानवी हृदयरोपण झालं आणि फेब्रुवारी 1968मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तसंच धाडस केलं. रुग्ण काही तासच जगला, तरी कसब होतं हे दिसलं. नव्हतं ते साहित्य. झडपा परदेशातून येत, आणि त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात बसत नसे.

वलियाथन यांच्यासोबत जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते होते, आणि या कथेचा गाभा त्यांच्या कामात आहे. झडपेची कल्पना सोपी वाटते: धातूचं कडं, त्यात तिरकी होणारी एक तबकडी. रक्ताचा दाब आला की तबकडी सुमारे 70 अंशांपर्यंत उघडते, दाब उलटला की मिटते. पण हृदय मिनिटाला 70 वेळा चालतं असं धरलं, तर हे दिवसाला एक लाख वेळा, वर्षाला पावणेचार कोटी वेळा घडतं. तेही खारट, कोमट आणि एवढ्यातेवढ्याने गोठायला बसलेल्या द्रवात. पहिले तीन नमुने अपयशी ठरले. कधी वेल्डिंगमुळे धातूची दांडी कमकुवत झाली. कृत्रिम नीलमाची तबकडी घेतली, तर तिच्या कठीणपणाने टायटॅनियमच झिजलं. धातू बदलून पाहिला, तर तबकडीच फुटली. ही अपयशं लपवली गेली नाहीत, लिहून ठेवली गेली, याबद्दल मला या माणसांविषयी विशेष आदर वाटतो.

चौथ्या नमुन्यात त्यांनी हट्ट सोडला आणि कठीण वस्तूपुढे मऊ वस्तू ठेवली. कडं विमानांच्या इंजिनांत वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं, अखंड ठोकळ्यातून कोरलेलं, कुठेही जोड नसलेलं. तबकडी अतिदीर्घ साखळ्यांच्या पॉलिएथिलिनची, म्हणजे कृत्रिम खुब्याच्या वाटीत असतं त्याच प्लॅस्टिकची. शिवणीसाठी भोवती पॉलिएस्टरचं कापड. तबकडी उघडझाप करताना स्वतःभोवती फिरतेही, त्यामुळे झीज एका जागी न होता पसरते. मिटताना तिचा आवाज कमी होतो. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून पाहिली, मेंढ्यांमध्ये बसवून पाहिली, आणि डिसेंबर 1990मध्ये पहिल्या रुग्णाला बसवली. पुढे कुकरमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या टीटीके समूहाने तिचं उत्पादन केलं. आजवर एक लाखाहून जास्त लोकांना ती बसली आहे.

धातू-प्लॅस्टिकचा प्रश्न असा सुटला. रक्ताचा सुटला नाही. कोणतीही परकी वस्तू रक्तात गेली की काही सेकंदांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्यात फायब्रिनोजेन असलं की बिंबिका येऊन चिकटतात, आणि गुठळीची सुरुवात होते. गुठळी तबकडीत अडकली तर झडप थांबते, सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. म्हणून वॉरफरिन. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण ती रक्त पातळ करत नाही, गोठण्याचा वेग कमी करते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यामुळे आयएनआर नावाची तपासणी वारंवार करावी लागते. मायट्रलच्या यांत्रिक झडपेसाठी तिचा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवतात. मेथी-पालक अचानक जास्त खाल्ली तरी तो हलतो, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. अंगदुखीच्या साध्या गोळीनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणात तर हीच गोळी गर्भाला अपाय करू शकते.

आता हे सगळं धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्यातून बघा. 1857च्या उठावात उतरून इंदुरात फाशी गेलेल्या राजा बख्तावरसिंहांचं हे गाव. धारमार्गे इंदूर इथून साधारण नव्वद किलोमीटर. मोठ्या तपासणीला आणि तज्ज्ञ डॉक्टरला अनेकदा तिथेच जावं लागतं. बसभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस, एवढं सगळं एका बोटाच्या रक्ताच्या आकड्यासाठी. साहजिकच तपासणी पुढे ढकलली जाते, आणि प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली झडप इथल्या संसारात धोक्याची होते. जैवसाहित्याचं यश रक्ताच्या तपासणीपासूनच्या अंतरात मोजलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इंदुरात एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि सिमरोलच्या आयआयटीत जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकवतात. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रश्न शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

गोळीशिवाय चालेल आणि टिकेलही अशा झडपेवर जगभर दोन वाटांनी काम चालू आहे. प्राण्यांच्या ऊतीतल्या पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेल्या कोलॅजेनच्या सांगाड्यात रुग्णाच्याच पेशी रुजू द्यायच्या, ही एक. पॉलिमरच्या लवचिक पाकळ्या बनवायच्या, ज्यांच्यावर गुठळी धरणार नाही आणि कॅल्शियमही साठणार नाही, ही दुसरी. पॉलिमरच्या झडपांच्या चाचण्या भारतातही झाल्या आहेत. लवचिक पाकळ्यांच्या झडपेसाठी आंतरराष्ट्रीय मानक यंत्रावर किमान 20 कोटी वेळा उघडझाप मागतं. हिशेबाने ती साडेपाच वर्षं होतात. विशीतल्या मुलीला चाळीस वर्षं हवी आहेत, म्हणजे दीडशे कोटींच्या आसपास.