यादी दिसली, पण होती का?

पायथन शिकायला बसलेल्याचा पहिला कामाचा प्रोग्रॅम बहुधा हिशोबाचा असतो. भाजीचा खर्च विचारायचा, एकेक आकडा घ्यायचा, बेरीज सांगायची. स्क्रीनवर प्रश्न येतो, आपण ४० १२० ९५ असं टाइप करतो आणि फॉर लूप सुरू होतो. पहिल्या फेरीत ४० यायला हवेत, येतो ४. मग शून्य. मग चक्क मोकळी जागा.

लूप हा सांगकाम्या गडी. हाती जे द्याल, त्यातला एकेक घटक काढून तो समोर ठेवणार. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, माणसानं काहीही टाइप केलं तरी इनपुट फंक्शन मजकूरच परत देतं. मधली जागा पाहून आपण तीन आकडे वाचतो. पायथनच्या लेखी ती नऊ चिन्हं. त्याआधीच्या पायथन २ मधलं इनपुट तर भलतंच उत्साही होतं. टाइप केलेलं ते थेट चालवून बघायचं, त्यामुळे आकड्याऐवजी कुणी एखादं फंक्शन लिहिलं तर तेही चालायचं. ते गेलं हे बरंच झालं.

मोकळ्या जागेचा आकडा करायला गेलं की पायथन व्हॅल्यू-एरर देतो. इथं नवशिका हमखास एक मलमपट्टी करतो: जागा आली तर पुढे जा. एरर थांबते आणि बेरीज येते २१. खरा खर्च २५५! लाल अक्षरांतली एरर निदान थांबवते तरी. हे २१ मुकाट वहीत जातात.

उपाय सोपा आहे. मजकुरावर आधी स्प्लिट चालवायचं. तो मोकळ्या जागांवर तुटतो आणि खरीखुरी यादी मिळते. मग प्रत्येक तुकड्याचा आकडा करायला त्याला इंट लावायचं. ही दुसरी पायरी विसरलात आणि सगळ्यात मोठा खर्च विचारलात, तर उत्तर ९५ येईल. १२० नाही, कारण मजकुराची तुलना डावीकडच्या पहिल्या चिन्हापासून होते आणि ९ हा १ पेक्षा मोठा.

यादी हाती आल्यावरही एक खोडी उरते. खर्च न झालेल्या दिवसांची शून्यं काढावीत म्हणून लूप चालू असतानाच कुणी त्याच यादीतून घटक काढतो. यादी १०, ०, ०, ३० असेल, तर एक शून्य शिल्लक राहतं. पहिलं शून्य काढलं की दुसरं त्याच्या जागी सरकतं आणि लूप तर पुढच्या जागेवर गेलेला असतो. त्यापेक्षा हवे ते आकडे नव्या यादीत भरत जावेत.

मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तर? बिनधास्त टाका, इंट ते ओळखतो. ‘दोनशे’ असं अक्षरी लिहिलं तर मात्र एरर. शब्दांवर लूप फिरवताना आणखी एक गंमत दिसते: ‘किती’ या शब्दावर तो दोनदा नाही, चारदा फिरतो. क, वेलांटी, त, वेलांटी. ‘क्ष’ एकटा असला तरी तीनदा, कारण मधला हलन्तही वेगळा मोजला जातो.