आईने फोडलेल्या खडीवरून

कामगाराच्या घरात मोटारसायकल येते ती चैन म्हणून नव्हे. एमआयडीसीतली पाळी गाठायची, पोरांना शाळेत सोडायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, यासाठी हप्त्याने घेतलेली ती गाडी असते. तरीही वर्षातून एखादा रविवार चारचौघा मित्रांनी हीच गाडी घेऊन आपला जिल्हा पाहायला निघावे, असे आम्हाला आमच्या तरुण वाचकांना सांगावेसे वाटते.

आपल्याकडे राजस्थानसारखे वाळवंट नाही, पण ओसाड माळरान भरपूर आहे. नगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या डोंगरावर धो धो पाऊस; आणि कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे मात्र ढग नुसते तोंड दाखवून जातात. सह्याद्रीच्या आडोशाला असल्याने हा भाग पिढ्यान् पिढ्या अवर्षणाचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे दोन गाड्यांवर या बाजूला गेलो. मिरजगावला सोलापूर रस्ता सोडला आणि आडवाटेला लागलो. थोडे डांबर, मग मुरूम, मग नुसता फुफाटा. दोन्ही बाजूंना बाभळी आणि कुसळी गवत. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. १९८० साली राखलेले हे रान जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. तिथे गाडी बंद करून गप्प उभे राहिलो, तेव्हा गवतातून शिंगे वर आली आणि एकामागून एक उड्या घेत कळप पार झाला.

पुढे एका वस्तीवर थांबलो. अर्ध्या घरांना कुलपे. माणसे ऊसतोडीला गेलेली. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. न मागता तिने तांब्याभर पाणी पुढे केले आणि विचारले, “कुठली रं पोरांनो? ह्या रस्त्यानं का आलात? लई खडी हाय.” मग स्वतःच हसून म्हणाली, “आम्हीच फोडलीया ती. बहात्तरच्या दुष्काळात.”

वाचकहो, या रस्त्यांचे मोल तिथे कळते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत काम आणि धान्य दोन्ही संपले. सर्वात आधी पोट जळाले ते भूमिहीनांचे. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध या हातांनी उभे राहिले. बाया तान्ही लेकरे झाडाखाली निजवून खडी फोडत. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन दिवस काढले. त्यातूनच रोजगार हमी योजना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क मानला गेला. २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता.

आम्ही पुढे सीनाकाठच्या चौंडीला गेलो. १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म इथलाच. देशभर घाट आणि विहिरी बांधणाऱ्या या बाईचे नाव आज जिल्ह्याला आहे. पण खडी फोडणाऱ्या हजारो बायांची नावे कुठल्याच मैलाच्या दगडावर नाहीत. ती फक्त घराघरांत आठवणीत आहेत, आणि आठवण सांगणारी माणसे आता थकली आहेत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावे. उन्हाळ्यात हे माळ भाजून काढतात. एकट्याने जाऊ नये, निदान दोन गाड्या हव्यात. निघण्यापूर्वी चेन, ब्रेक, टायरची हवा पाहावी. पंक्चरचे सामान, पाने-पक्कड आणि पंप जवळ ठेवावा. टाकी मोठ्या गावातच भरून घ्यावी. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवेच. मुरुमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, गाडी घसरते. अंधारापूर्वी मोठ्या रस्त्याला लागावे. माणशी तीन लिटर पाणी आपले आपण न्यावे. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथल्या हापशावर गाड्या धुवू नयेत. आणि दारू पिऊन गाडीला हात लावू नये, हे सांगायला नकोच.

बहिणींनीही यात मागे का राहावे? स्कूटी चालवणाऱ्या मुली आता वस्तीवस्तीत आहेत. त्यांनाही मैत्रिणींबरोबर किंवा घरच्यांबरोबर जाऊ द्या.

निघण्याच्या आदल्या रात्री मात्र एक करा. घरातल्या आजीला, मावशीला विचारा, “बहात्तरला तू कुठल्या रस्त्यावर होतीस?” ती गावाचे नाव सांगेल. त्या गावाची वाट धरा, आणि जमलेच तर तिलाही मागे बसवून न्या.