अंगण घेतले, कुरण सोडले

शिक्षणाचा प्रश्न आपण नेहमी शाळेपुरताच मांडतो. शाळा आहे का, शिक्षक येतो का, पटावर किती नावे आहेत, एवढे विचारतो आणि थांबतो. शाळा सुटल्यानंतर मूल कुठे जाते, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या मागणीपत्रकांत क्वचितच दिसतो. डहाणू-तलासरीच्या आदिवासी मुलांचे, आणि एकूणच दलित-श्रमिकांच्या मुलांचे, अर्धे शिक्षण या न विचारलेल्या प्रश्नात अडकले आहे, असे माझे मत आहे.

आधी साधा हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. सहावी ते आठवीसाठी ते २२० दिवस आणि १००० तास आहे. वर्षाचे एकूण तास ८७६०. म्हणजे कायदा काटेकोर पाळला तरी लहान मूल अकरा तासांतला जेमतेम एक तास वर्गात असते. उरलेले दहा तास झोपेचे, घराचे आणि पाड्याचे. सुस्थित घरात या तासांत शिकलेली आई असते, दिवा असतो, पुस्तकांचे कपाट असते, विकत घेतलेली शिकवणी असते. पाड्यावरच्या मुलीच्या वाट्याला पाण्याचा हंडा येतो, शेळ्या येतात आणि कडेवर धाकटे भावंड येते. घरात वारली बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. या दोहोंमधला पूल बांधायला संध्याकाळी कुणी नसते. पावसाळा सरला की पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर निघतात, तेव्हा मूलही निघते. परीक्षा ८०० तासांची असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती ८७६० तासांची असते, आणि मग नापासाचा शिक्का मात्र मुलाच्या बुद्धीवर बसतो.

हे आपल्याला नवे नाही. बाबासाहेब शिकले ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घर झोपलेले असताना, पहाटेच्या आधी उठून. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे लक्ष गेले. त्यांनी पुस्तके दिली आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. शाळेने त्यांना आत घेतले ते नाइलाजाने; त्यांचे वाचन वाढले ते शाळेबाहेरच्या तासांत. हे बाबासाहेबांनी ओळखले होते, म्हणूनच १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या कामांत वसतिगृह आणि वाचनालय होते. एका मुलाला केळुसकर भेटले हा योगायोग. प्रत्येक मुलाला कुणीतरी भेटावे यासाठी व्यवस्था लागते, आणि व्यवस्थेला पैसा लागतो.

अशी व्यवस्था डहाणू तालुक्यात एकदा उभी राहिली होती. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली, ती कुरणशाळा. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा झाली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर शाळेलाच जोडले. यामागचा विचार सरळ होता. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा धरायचा नाही. त्याचा वेळ कुणी अडवला आहे ते पाहायचे आणि शाळेने तिकडे जायचे.

सरकारने यातले काय उचलले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सातव्या वर्षी मूल अंगणातून उठते, वर्गात बसते आणि वर्ग सुटला की सरकारच्या दृष्टीने नाहीसे होते. अंगण घेतले, कुरण सोडले.

त्याच १९४५ साली याच भागातले वारली किसान सभेच्या झेंड्याखाली वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा नोंदला आहे. वेठ म्हणजे दुसऱ्याने फुकट हिरावलेला वेळ. आईबापांचा वेळ त्या लढ्याने सोडवला. मुलांचा वेळ अजून गरिबीच्या वेठीला बांधलेला आहे, म्हणून ही मागणी मी त्याच लढ्याची पुढची पायरी मानतो.

मागणी नेमकी हवी. प्रत्येक पाड्यावर शाळेनंतरचे दोन-तीन तास चालणारी अभ्यासिका हवी. संध्याकाळी कुलूप लागणारी शाळेची खोली किंवा समाजमंदिर तिच्यासाठी उघडावे. तिथे दिवा, पुस्तके, खेळ आणि मूठभर खाऊ असावा. धाकट्या भावंडालाही जागा असावी, नाहीतर मुली येणार नाहीत. चालवणारा त्याच पाड्यातला, वारली बोलणारा शिकलेला तरुण किंवा तरुणी असावी आणि तिला मानधन नव्हे, पगार मिळावा. मानधनावर काय चालते ते अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जाऊन सांगितले आहे.

पैसा कुठून, असे विचारले जाईल. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हाच हिशेब मांडला होता: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. डहाणूच्या औष्णिक केंद्रातली वीज १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांकडे गेली. तेव्हा पाड्यावरच्या अभ्यासाच्या दिव्याला पैसा नाही हे उत्तर मला पटत नाही. सुरुवातीला मार्गही आहे. २०१५ साली राज्य सरकारने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरवले. त्यातून काय करायचे ते ग्रामसभेने ठरवायचे असते, आणि शिक्षण त्यात बसते. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. ग्रामसभेत ठराव करून अभ्यासिका सुरू करता येईल. मात्र पगाराचा भार शिक्षण खात्याच्याच अंदाजपत्रकावर पडला पाहिजे. गावाच्या तुटपुंज्या निधीवर ढकलून सरकारला सुटू देता कामा नये.

सेवाभावी संस्था हे करतातच की, असेही म्हटले जाते. करतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण संस्थेची देणगी आटली की दिवा विझतो, आणि मुलाला कुणाकडे दाद मागता येत नाही. दयेला तारीख नसते, हक्काला असते. अमेरिकेत शाळेनंतरच्या केंद्रांसाठी केंद्र सरकार दरवर्षी शंभर कोटी डॉलरहून अधिक देते. तिथेही ती तरतूद कापण्याचे प्रयत्न झाले आणि पालकांना भांडावे लागले. म्हणजे मिळवणे आणि टिकवणे, दोन्ही संघटनेचीच कामे आहेत.

विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांनी येत्या ग्रामसभेआधी आपल्या पाड्यातली मुले मोजावीत. शाळा सुटल्यावर प्रत्येक मूल कुठे असते आणि कुणाचे काम करत असते, ते लिहून काढावे. ती यादी ठरावाला जोडली की मागणी टाळणे सरकारला अवघड जाईल.