श्रवणयंत्राच्या साच्याची निगा

माहूरगडावर आश्विनातील नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनास पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूंत श्रवणयंत्र लावणारे वृद्धही असतात. घाम, केसांचे तेल व कानातील मळ ही तिन्ही त्या यंत्राची शत्रू होत. 'बिघडले' म्हणून जे यंत्र पेटीत पडून राहते, त्याच्या साच्याचे पुष्कळदा केवळ छिद्र बुजलेले असते. आणि तेवढ्यामुळे माणूस घरातील बोलण्याला पारखा होतो.

कानामागे बसणाऱ्या यंत्राचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. ध्वनी वाढविणारा भाग विजेवर चालतो. त्यास पाणी वर्ज्य होय. तो ध्वनी नळीवाटे कानात सोडणारा सिलिकोनचा साचा मात्र धुता येतो. साचा नळीसह यंत्रापासून सोडवावा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि नळीतील पाणी रबरी फुग्याने हवा मारून काढावे. कारण अडकलेला थेंबही ध्वनी अडवितो. रात्रभर सुकल्यावरच तो जोडावा. स्पिरिट लावू नये.

यंत्र कोरड्या फडक्याने पुसून, सेल काढून, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. पावसाळ्यात हे विशेष अगत्याचे आहे. मातृतीर्थात स्नान करण्यापूर्वीही यंत्र काढावे.

स्वच्छ साचा नीट बसवूनही शिट्टी वाजत राहिल्यास तो सैल झाला असण्याचा संभव असतो. तेव्हा श्रवणतज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा. श्रवणदोषावरील शिक्षण व संशोधनासाठी मुंबईत १९८३ साली अली यावर जंग संस्था स्थापन झाली. तथापि रोजची निगा घरच्यांच्याच हाती असते.