सत्य प्रवासकथेची हमी : मरे घराण्याचा अनुभव

प्रवासवर्णनाच्या अभ्यासात लेखकाचा विचार पुष्कळ होतो, प्रकाशकाचा फारसा होत नाही. कादंबरीच्या प्रकाशकाला मजकूर वाचनीय आहे की नाही एवढेच मुख्यतः पाहावयाचे असते. घडलेला प्रवास म्हणून पुस्तक विकणाऱ्याला मात्र त्याहून अवघड गोष्ट ठरवावी लागते : हा गृहस्थ खरोखरच तेथे गेला होता काय? आणि संस्था घरचीच असेल, पुस्तकावर कुळाचेच नाव छापलेले असेल, तर चुकलेल्या निर्णयाचा बट्टा थेट त्या नावाला लागतो. लंडनच्या मरे घराण्याच्या व्यवहारांत ही अडचण फार स्पष्ट दिसते.

1768 साली स्थापन झालेली ही संस्था 2002 पर्यंत सात पिढ्या घराण्यातच राहिली, आणि प्रत्येक पिढीतील कर्त्याचे नाव जॉन मरे हेच होते. 1812 पासून तिचा कारभार आल्बेमार्ल स्ट्रीटवरील 50 क्रमांकाच्या घरात चाले. (बायरनच्या आठवणींचे हस्तलिखित 1824 साली याच घरातील शेगडीत जाळण्यात आले. सत्यकथेची सर्वच प्रकाशकांना ओढ असते असे नाही!) तिसरा जॉन मरे हा स्वतः हिंडलेला मनुष्य. प्रवासात केलेल्या टिपणांवरून त्याने 1836 साली यूरोपच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. त्याच मालिकेत पुढे 1859 साली मुंबई इलाख्याचीही मार्गदर्शिका निघाली. रस्ता, खाणावळ, अंतर यांची खात्री करून घेण्याची त्याची सवय येथूनची.

1843 मध्ये त्याने वसाहतींतील व घरच्या वाचकांसाठी एक स्वस्त ग्रंथमाला सुरू केली. 1842 च्या कायद्याने परदेशात छापलेल्या चोरट्या आवृत्त्या वसाहतींत नेण्यास बंदी झाली होती, तेव्हा त्यांच्या जागी अधिकृत स्वस्त पुस्तक देणे हा यामागील व्यापारी हिशेब होता. डार्विनच्या प्रवासवृत्ताची 1845 ची सुधारित आवृत्ती याच मालेतील. कल्पित कथेला येथे थारा नव्हता.

त्याच वर्षी हर्मन मेल्व्हिल या अज्ञात अमेरिकन खलाशाचे हस्तलिखित मरेकडे आले. मार्केसस बेटांवरील एका खोऱ्यात, नरभक्षक समजल्या जाणाऱ्या लोकांत आपण चार महिने राहिलो, असे त्यात सांगितले होते. मरेला शंका आली ती भाषेमुळे. साध्या खलाशाच्या मानाने ही लेखणी फारच सराईत होती. लंडनच्या अमेरिकन वकिलातीत चिटणीस असलेल्या लेखकाच्या भावाने ग्वाही दिली, माहितीपर प्रकरणे भरीला घालण्यात आली, शंभर पौंडांवर सौदा ठरला आणि 1846 च्या प्रारंभी पुस्तक निघाले. गंमत अशी, की या सराईत भाषेवर मरेने हेन्री मिल्टन या आपल्या माणसाकडून आणखी हात फिरवून घेतला होता. म्हणजे जी सफाई संशयास कारण झाली, तिच्यात प्रकाशकानेच भर घातली.

शंका मात्र फिटली नाही. मरे लेखी पुरावा मागतच राहिला. त्या उन्हाळ्यात मेल्व्हिलबरोबर जहाजावरून पळालेला सोबती 'टोबी' अमेरिकेत बफेलो येथे अकस्मात प्रकट झाला आणि हकीकत खरी असल्याचे त्याने वर्तमानपत्रातून सांगितले. याहून सबळ साक्ष कोणती? तरीही टोबी त्या खोऱ्यातून आधीच निसटला होता. पुढच्या मुक्कामाविषयी तो काय सांगणार? चार्ल्स अँडरसन यांनी 1939 साली जहाजांच्या नोंदींवरून दाखवून दिले, की मेल्व्हिल 9 जुलै 1842 रोजी पळाला व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या जहाजावर चढला. चार महिन्यांचा नव्हे, जेमतेम चार आठवड्यांचा मुक्काम! शिवाय बराच तपशील पूर्वीच्या प्रवाशांच्या ग्रंथांतून उचललेला होता. मरेने लेखक तेथे गेला होता काय हे विचारले आणि त्याचे उत्तर त्याला खरे मिळाले. असत्य मात्र लंडनमध्ये छापलेल्या मुखपृष्ठावरील 'चार महिने' या शब्दांतच होते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. मराठीत 'म्हणे' हा शब्द ऐकीव गोष्ट वेगळी काढून दाखवितो. 'डोळ्यांनी पाहिले' याची ग्वाही देणारे तसे स्वतंत्र चिन्ह आपल्याकडे नाही, इंग्रजीतही नाही. आणि काही भाषांत असे प्रत्यय आहेत तरी लबाडाला ते वापरण्यास कोण अडविणार? प्रथमपुरुष, भूतकाळ, स्थळांची नावे ही सारी सामग्री कादंबरीकाराच्याही हाती असते. म्हणून खरेपणाची हमी संहितेबाहेरून आणावी लागते. उलट, संहितेवर हात फिरविला की मुळात असलेला पुरावाही पुसट होतो. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी 1907 साली छापला तो बदल करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती 1966 साली आली. माझ्या मते या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम अभ्यास आहे.

मेल्व्हिलने तिसरे पुस्तक अद्भुत कथा म्हणून लिहिले, तेव्हा मरेने ते नाकारले. 1849 साली ते बेंटलीने छापले. पुढे 1861 मध्ये पॉल द्यु शाय्यूच्या आफ्रिकेतील गोरिलांच्या वृत्तान्तावर वादळ उठले. तारखा जुळत नाहीत, असा आक्षेप होता. या वेळी लेखकच उपकरणे वापरण्यास शिकला, 1863 मध्ये पुन्हा आफ्रिकेस गेला, आणि 1867 चे त्याचे नवे पुस्तकही मरेनेच काढले. घराण्याचा पत्रव्यवहार व हिशेबाच्या वह्या 2006 पासून एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.